वाटसरूचा हक्क

२०२४ सालच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. इशाची नमाज आटोपून आम्ही पाच-सहा जण मशिदीच्या पायरीवर चपला शोधत होतो. तेवढ्यात एक साठीचा माणूस आवारात आला. खांद्यावर गोधडीची वळकटी, हातात काठी, काठीच्या टोकाला हिरवा कपडा बांधलेला. बीडकडून निघाला होता आणि ख्वाजा गरीब नवाज यांच्या उर्साला पायी अजमेरला चालला होता. उर्स रजबच्या पहिल्या सहा दिवसांत असतो आणि त्या खेपेला रजब जानेवारीच्या सुरुवातीलाच लागणार होता. म्हणजे त्याच्या हाती जेमतेम महिना होता. आमच्या खानदेशातल्या गावापासून पुढची वाट शिरपूर, सेंधवा, इंदूर, रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तोडगड, भीलवाडा अशी. अंतर सातशे किलोमीटरांहून जास्त.

त्याचे मागणे मोठे नव्हते. "भाई, रातभर ओसरीत पडू द्या. फजर पढून निघतो," एवढेच तो म्हणाला.

आम्ही त्याचे आधार कार्ड मागितले. त्याने दिले. आम्ही ते दोन्ही बाजूंनी पाहिले, एकाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. मग आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. शेवटी आमच्यापैकी एक जण म्हणाला, "चाचा, यष्टी स्टँड इथून जवळच आहे. तिथे बाकडी आहेत, दिवाही असतो." तो "बरं, अल्लाह मालिक" म्हणाला आणि गेला. आम्ही जाळीच्या दरवाजाला कुलूप घातले. खानदेशातली थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना यष्टी स्टँडच्या सिमेंटच्या बाकड्यावर डिसेंबरची रात्र कशी जाते हे सांगायला नको. फजरनंतर आमच्यातला एक जण स्टँडवर पाहून आला. चहावाल्याने सांगितले की म्हातारा चार वाजताच चहा पिऊन हायवेला लागला.

कोणी मेले नाही, कोणाला शिवीगाळ झाली नाही. कुणाला सांगावे असे काही घडलेच नाही असेही म्हणता येईल. तरीही त्या रात्रीपासून आमच्या बोलण्यात तो विषय पुन्हा पुन्हा निघत राहिला. आम्ही चुकलो का? चुकलो असू तर नेमके कुठे? की आजच्या काळात दुसरे काही करणे शक्यच नव्हते?

०००

त्या रात्री कोणी मोठ्याने बोलले नाही, पण मनातली कारणे तीन होती. पुढे ती उघडपणे बोलली गेली, म्हणून इथे मांडतो.

पहिले कारण भीतीचे. अनोळखी माणूस मशिदीत ठेवला आणि उद्या काही निघाले तर पोलीस आधी विश्वस्तांना उचलतील. दुसरे कारण वस्तूंचे. मशिदीत आता इन्व्हर्टर आहे, बॅटऱ्या आहेत, माइकचा संच आहे, चंद्याची पेटी आहे. तिसरे कारण मसलकीचे, आणि ते कबूल करायला आम्हांला सर्वांत जास्त वेळ लागला. आमच्यातल्या काहींच्या मते दर्ग्याला पायी जाणे ही बिदअत आहे, मग त्या कामात मदत का करायची?

तिन्ही कारणे बाजूला ठेवून आधी हे पाहू, की मागणारा कोण होता? कुरआनने त्याच्यासाठी एक शब्द ठेवला आहे, इब्नुस्सबील, म्हणजे वाटेचा पुत्र. ज्याला या घटकेला बाप नाही, घर नाही, ओळख देणारा शेजारी नाही, वाट हेच ज्याचे कूळ आहे असा माणूस. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत तो आहे. फकिहांनी असा खुलासा केला आहे की हा माणूस आपल्या गावी धनवान असला तरी वाटेत अडकला असेल तर जकातीतून त्याला देता येते. याचा अर्थ असा की इथे प्रश्न गरिबीचा नाही. माणूस रस्त्यावर आहे, एवढी एक गोष्ट त्याला हक्कदार करते. सूरह इस्रा आणि सूरह रूम या दोन्ही ठिकाणी नातेवाईक, गरजू आणि वाटसरू यांना द्यायचे ते त्यांचा 'हक्क' म्हणून द्यायला सांगितले आहे.

हक्क आणि उपकार यांतला फरक आपण नेहमी विसरतो. उपकार करणारा माणूस निवडतो. आज करीन, उद्या करणार नाही, याच्यावर करीन, त्याच्यावर करणार नाही. हक्काच्या बाबतीत निवड नसते. देणेकरी सावकाराला "तुमचा मसलक कोणता?" असे विचारत नाही. आम्ही त्या म्हाताऱ्याला नकार दिला तेव्हा आम्हांला वाटत होते की आम्ही एक उपकार करायचे टाळले. कुरआनच्या हिशेबाने आम्ही एक देणे बुडवले होते.

मशिदीत झोपण्याचे म्हणाल तर मदीनेच्या मशिदीत छप्पर घातलेला एक भाग होता, सुफ्फा. ज्यांना घरदार नव्हते असे सहाबा तिथेच राहत, तिथेच झोपत. हनफी फिकहमध्ये मशिदीत झोपणे सर्वसाधारणपणे मकरूह मानले आहे, पण मुसाफिर आणि एतिकाफला बसलेला यांना त्यातून सूट आहे. म्हणजे नियम घालणाऱ्यांनी नियम घालतानाच वाटसरूसाठी दार किलकिले ठेवले होते. आम्ही ते लोखंडी जाळीने बंद केले.

०००

हे सगळे खरे असले तरी "आजच्या काळात कसे जमणार?" हा प्रश्न उरतोच. म्हणून जगात आज कुठे हे जमते आहे का, याची आम्ही वाचून माहिती घेतली. तेव्हा स्पेनमधल्या एका वाटेची माहिती हाती आली आणि तिने आम्हांला बरेच दिवस गुंतवून ठेवले.

हजरत ईसा यांच्या हवारींपैकी याकूब, ज्यांना स्पॅनिश लोक सान्तियागो म्हणतात, त्यांची कबर स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया प्रांतात आहे अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्या कबरीपर्यंत हजार वर्षांहून अधिक काळ लोक पायी जात आले आहेत. सर्वांत वर्दळीची वाट फ्रान्सच्या हद्दीतून निघून पिरेनीज पर्वत ओलांडते आणि ७८० किलोमीटरांच्या आसपास चालते. आमच्या म्हाताऱ्याच्या वाटेएवढीच म्हणा ना. २०२४ साली जवळजवळ ५ लाख लोकांनी या यात्रेच्या वेगवेगळ्या वाटांनी जाऊन तिथल्या चर्चचा दाखला घेतला.

वाटेवर दर काही किलोमीटरला 'आल्बेर्गे' असतो. आपल्या भाषेत मुसाफिरखाना. मोठी खोली, दुमजली खाटा, न्हाणीघर, कुठे चूल. यांतले काही सरकारचे, काही नगरपालिकेचे, काही चर्चचे किंवा मठाचे आणि पुष्कळसे खासगी. सरकारी ठिकाणी आधी जागा राखून ठेवता येत नाही. जो आधी येईल त्याला खाट, आणि पायी येणाऱ्याला सायकलवाल्याच्या आधी. मुक्काम एक रात्र, आजारी असेल तर जास्त. पुष्कळ ठिकाणी स्वतःच्या खर्चाने येऊन पंधरा-पंधरा दिवस बिनपगारी राबणारे स्वयंसेवक असतात. आपण ज्याला खिदमत म्हणतो तीच ही.

उन्हाळ्यात हे सारे एखाद्या जत्रेसारखे चालते. ऑगस्ट महिन्यात दाखला घेणाऱ्यांची संख्या ७५ हजारांच्या वर जाते. जानेवारीत ती २ हजारांच्या आसपास उतरते. आमचा प्रश्न इथे सुरू होतो, कारण थंडी पडली की खासगी आल्बेर्गे बंद होतात. त्यांनाही दोष देता येत नाही. दोन माणसांसाठी साठ खाटांची खोली गरम ठेवायची, नोकराला पगार द्यायचा, हे धंद्यात बसत नाही. मग चालणाऱ्याला आदल्या संध्याकाळी फोन करून विचारावे लागते की उद्या तुमचे दार उघडे आहे का. गावात पोहोचल्यावर दाराला कुलूप दिसते, तेव्हा समोरच्या चहा-कॉफीच्या दुकानात किल्ली ठेवलेली असते. काही ठिकाणी किल्ली शेजारच्या घरी असते आणि रात्री कोणीतरी येऊन वहीत नाव लिहून जाते. मधले मुक्काम बंद असल्यामुळे एकेका दिवसाची मजल तीस-पस्तीस किलोमीटरांवर जाते, आणि डिसेंबरात सहाच्या आसपास अंधारून येते. पिरेनीजमधली उंचावरची वाट नावार प्रांताचे सरकार १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंदच ठेवते. लोकांनी खालच्या वालकार्लोसच्या रस्त्याने यावे असा नियम आहे. पुढे गालिसियाच्या हद्दीवर १३०० मीटर उंचीचे सेब्रेइरो गाव लागते, तिथेही बर्फ असतो.

अशा दिवसांत कोण उघडे राहते? मुख्यतः ज्यांचे दार कमाईवर अवलंबून नाही ते. गालिसियाच्या सरकारने चालवलेले, काही नगरपालिकांचे, काही चर्चचे आणि मठांचे. हे वाचताना आम्हांला आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. गर्दी असते तेव्हा दार उघडे ठेवायला धर्म लागत नाही, धंदा पुरतो. रिकाम्या मोसमात, एका माणसासाठी, तोटा सोसून जे दार उघडे राहते तिथेच हक्क देण्याची गोष्ट सुरू होते. आमच्याकडे उर्साच्या दिवसांत अजमेरला लाखोंची सोय होते. कायडच्या विश्रामस्थळीवर बसने येणाऱ्या जायरीनसाठी सरकार तळ उभारते. मुक्कामाला सोय आहे. वाटेवर एकटा चालणारा माणूस मात्र कोणाच्याच हिशेबात नाही.

ही समजूत जुन्या लोकांना होती. सान्तियागोच्या वाटेवर बाराव्या शतकात लिहिलेल्या एका लॅटिन ग्रंथात जगाला आधार देणारे तीन मुसाफिरखाने सांगितले आहेत. एक जेरुसलेमचा. उरलेले दोन बर्फाच्या खिंडींतले, एक आल्प्समध्ये आणि एक पिरेनीजमध्ये. मोठमोठ्या शहरांतली श्रीमंत धर्मस्थळे सोडून लेखकाने खिंडी निवडल्या, कारण तिथे दार बंद असेल तर माणूस सकाळपर्यंत जगत नाही.

०००

पण ती वाट कोणाची आहे? हे विचारल्याशिवाय पुढे गेलो तर आम्ही स्वतःला फसवू. त्या याकूब संताचे एक नाव 'मातामोरोस' आहे, मूरांना मारणारा. मूर म्हणजे स्पेनमधले मुसलमान. ८४४ सालच्या क्लाविखोच्या लढाईत संत स्वतः पांढऱ्या घोड्यावर बसून उतरला आणि त्याने मुसलमानांची कत्तल केली अशी कथा आहे. अशी लढाई झालीच नाही असे आजचे इतिहासकार मानतात, पण कथेची चित्रे आणि पुतळे गावोगाव आहेत. सान्तियागोच्या कॅथेड्रलमध्येही असा एक अश्वारूढ पुतळा आहे. २००४ साली तो हलवण्याचा विचार चर्चने बोलून दाखवला, त्यावर ओरड झाली आणि तो राहिला. घोड्याच्या पायांखालच्या मूरांच्या आकृती फुलांनी झाकून ठेवण्याची तोड निघाली.

त्याच वाटेवर पिरेनीज उतरल्यावर रॉन्सेसवायेस हे ठिकाण आहे. ७७८ साली शार्लमेन बादशहाच्या सैन्याच्या पिछाडीवर इथे हल्ला झाला. हल्ला करणारे डोंगरातले बास्क लोक होते. पुढे तीनशे वर्षांनी रचल्या गेलेल्या फ्रेंच महाकाव्याने त्यांना मुसलमान करून टाकले, आणि सगळ्या युरोपने तेच खरे मानले. न केलेल्या गुन्ह्याचा आरोप ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही.

आणि तरीही याच रॉन्सेसवायेसला बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी मोठा आश्रम उभा राहिला. त्याच्या स्तुतीपर एक जुने लॅटिन काव्य आहे. त्यात या आश्रमाचे दार कोणाकोणासाठी उघडे आहे याची यादी येते, आणि त्या यादीत कॅथलिकांबरोबर यहुदी, पाखंडी आणि 'पेगन' हेही आहेत. त्या काळच्या युरोपात मुसलमानांनाही पेगनच म्हणत. ज्या डोंगरावर आपल्या नावावर खोटा गुन्हा लिहिला गेला, त्याच डोंगराच्या पायथ्याशी दार उघडताना धर्म विचारू नये असेही लिहिले गेले. दोन्ही लिहिणारे एकाच श्रद्धेचे लोक होते.

आपली बाजूही निर्मळ नाही, हे सांगितले पाहिजे. ९९७ साली कुर्तुब्याचा हाजिब अल-मन्सूर याने सान्तियागो लुटले. कबरीला त्याने हात लावू दिला नाही असे इतिवृत्तकार सांगतात, पण चर्चच्या घंटा त्याने ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून कुर्तुब्याला आणल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ साली कुर्तुबा ख्रिस्ती राजाने जिंकले तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत गेल्या. पिरेनीजच्या खिंडीत धुक्यात आणि बर्फात वाट चुकलेल्या यात्रेकरूला दिशा कळावी म्हणून घंटा वाजवीत. माणसाला घरात बोलावण्यासाठी असलेली वस्तू दोन्हीकडच्यांनी माणसाला वाकवण्यासाठी वापरली.

हे सारे आमच्या मशिदीच्या पायरीवर आणून ठेवले की तिसऱ्या कारणाची, मसलकीच्या कारणाची, काय अवस्था होते? एका मठाने आठशे वर्षांपूर्वी पाखंड्यालाही आत घ्यायचे ठरवले. आम्ही एका कलमागोला, आमच्याच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या माणसाला, तो कुठे चालला आहे हे ऐकून परत पाठवले. दर्ग्याला जाणे योग्य की अयोग्य यावर आम्ही आजही सहमत नाही आणि बहुधा होणारही नाही. पण ओसरीचा कोपरा मागणाऱ्या माणसाला द्यायचे उत्तर त्या वादावर अवलंबून ठेवता येत नाही.

०००

वस्तूंच्या कारणाचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. ग्रान्योन नावाच्या स्पेनमधल्या एका लहान गावात यात्रेकरू चर्चच्या वास्तूतच जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. तिथे देणगीची एक पेटी उघडी ठेवलेली असते. जमेल तेवढे टाका आणि गरज असेल तर त्यातून घ्याही, अशी तिथली रीत आहे. आम्ही तेवढे मोठे मन दाखवू शकू असे आम्हांला वाटत नाही. पण चंद्याची पेटी रात्री घरी नेता येते आणि बॅटरीच्या खोलीला वेगळे कुलूप लावता येते. त्यासाठी माणसाला थंडीत काढण्याची गरज नाही.

भीतीचे कारण मात्र खरे आहे आणि त्याची टवाळी करता येणार नाही. २०२० साली कोरोनाच्या सुरुवातीला तबलीगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांना मशिदीत जागा दिली म्हणून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पाहुण्यांबरोबर मशिदींच्या विश्वस्तांवरही गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी ते रद्द केले, या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले आणि 'अतिथी देवो भव' या परंपरेची आठवणही करून दिली. न्याय मिळाला. पण मधले महिने ज्या विश्वस्तांनी काढले त्यांच्या घरच्यांना विचारा. निकालाची बातमी जितक्या लोकांनी वाचली त्याच्या कितीतरी पट लोकांनी आरोपाची बातमी पाहिली होती. आमच्या जाळीच्या दरवाजावरचे कुलूप त्याच वर्षी आले. लोकांनी आमच्या मशिदीकडे ज्या नजरेने पाहिले, तीच नजर आम्ही नकळत उचलली आणि एका म्हाताऱ्याकडे पाहिले.

सान्तियागोच्या वाटेवर कागद मागत नाहीत असे नाही. तिथे प्रत्येक यात्रेकरूजवळ एक घडीचे ओळखपत्र असते. मुक्कामाच्या ठिकाणी ते पाहतात, त्यावर शिक्का मारतात, पारपत्राचा क्रमांक वहीत लिहून घेतात. म्हणजे आम्ही केले तेच. फरक पुढचा आहे. तिथे कागद पाहिल्यावर खाट मिळते. आम्ही कागद पाहिला, फोटो काढला आणि मग स्टँडचा रस्ता दाखवला. नाव विचारणे वाईट नाही. ते आत घेण्यासाठी विचारले की बाहेर ठेवण्यासाठी, यावर सारे अवलंबून आहे. जो कायदा पाळायचा तो वहीत नाव लिहून पाळता आला असता. आम्ही कायद्याच्या नावाखाली आमची भीती पाळली.

आमच्या वाडवडिलांनाही अनोळखी माणसाची भीती वाटत नसेल असे नाही. पण त्यांनी तिच्यावर व्यवस्था उभी केली होती. इब्ने बतूता चौदाव्या शतकात अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, फिरला. तिथे 'अखी' नावाच्या तरुण कारागिरांच्या मंडळ्या होत्या. दिवसभर काम करायचे, असरनंतर कमाई एकत्र आणायची आणि त्यातून मुसाफिरांना जेवू घालायचे, हा त्यांचा रिवाज. एका शहरात दोन मंडळ्यांनी त्याच्या घोड्याचे लगाम धरले आणि सुऱ्या बाहेर निघाल्या. बतूताला वाटले हे लुटारू आहेत. नंतर अरबी जाणणाऱ्या एकाने सांगितले की पाहुणा कोणाचा यावर भांडण चालले आहे! पुढे हिवाळ्यात बर्फात वाटाड्या पळून गेला, सोबती मागे राहिले, रात्री एकटाच तो एका दाराशी पोहोचला. म्हातारा तुर्की बोलत होता, बतूता अरबी. कोणालाच काही कळेना. पण ती फकिरांची खानकाह निघाली आणि जीव वाचला. बोलू शहरातल्या अखींच्या खानकाहमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात शेगडी होती आणि हिवाळाभर विस्तव विझू देत नसत, हेही त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे. इतकी दूरची उदाहरणे तरी कशाला? १९९५पर्यंत मुंबईहून जेद्दाहला हाजींची जहाजे जात, तेव्हा महाराष्ट्राच्या आतल्या भागातून आलेली माणसे क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी टाकत. आमच्या घरांतल्या कित्येक आजी-आजोबांनी हजची पहिली रात्र तिथे काढली आहे.

०००

आता दाराच्या दुसऱ्या बाजूचे. नकार देणारे आम्ही एका रात्रीपुरते होतो. नकार घेणारे आपण पुष्कळदा असतो. मुंबई-पुण्यात भाड्याने घर पाहायला गेलेल्या आपल्या मुलांना नाव सांगितल्यावर "आत्ताच दुसऱ्याला दिले" हे वाक्य किती वेळा ऐकावे लागते, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या वेळी आतून जो संताप उठतो त्याचे काय करायचे?

वर सांगितलेल्या लॅटिन ग्रंथातच एक कथा आहे. सान्तियागोहून परतणाऱ्या दोन यात्रेकरूंना फ्रान्समधल्या एका शहरात सगळी गल्ली फिरूनही कोणी आसरा दिला नाही. शेवटच्या घरातल्या गरीब माणसाने दिला. त्या रात्री आग लागली आणि ते एक घर सोडून सगळी गल्ली, हजार घरे, जळून गेली. ज्याला दारातून परत पाठवले गेले आहे त्याला ही कथा मनातून आवडते. आम्हांलाही आवडली.

कुरआनमध्ये, सूरह कहफमध्ये, हीच परिस्थिती येते. हजरत मूसा आणि त्यांचे ज्ञानी सोबती, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणून ओळखतो, एका वस्तीत पोहोचतात आणि जेवण मागतात. वस्तीचे लोक पाहुणचार करायला नकार देतात. तिथे एक भिंत पडायला आलेली असते. खिज्र ती नीट उभी करतात. मूसा म्हणतात, निदान मजुरी तरी घ्यायची होती! पुढे कळते की ती भिंत दोन अनाथ मुलांची होती आणि तिच्याखाली त्यांच्यासाठी ठेवलेले धन होते. भिंत पडली असती तर ते उघडे पडले असते.

या गोष्टीचा अर्थ अपमान गिळून गप्प बसावे असा आम्ही घेत नाही. मूसांची तक्रार नोंदली गेली आहे, ती खोटी ठरवलेली नाही. घर नाकारणाऱ्याविरुद्ध बोलावे, लिहावे, कायद्याने जाता येईल तिथे जावे. पण ज्या वस्तीने दार लावले त्याच वस्तीत दोन अनाथही राहत होते. आग सगळी गल्ली जाळते, तीत तेही जळाले असते. नकार देणाऱ्या गावाला सरसकट 'नकार देणारे गाव' म्हणून जमा करणे म्हणजे जे आपल्या बाबतीत लोक करतात तेच आपण करणे. आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत तर याहून साधी गोष्ट आहे. नकार खाऊन आलेल्या माणसाने स्वतःच्या हातातले दार तरी उघडे ठेवावे. त्याला बाहेरची थंडी माहीत असते.

०००

या साऱ्या चर्चेतून फार मोठे काही निघाले नाही. आमच्या मशिदीच्या वजूखान्यामागे एक खोली आहे, जुन्या चटया आणि मोडके डोले पडलेली. २०२५च्या नोव्हेंबरात ती आम्ही रिकामी केली. दोन गाद्या, चार रजया, एक बादली. एक वही केली. येणाऱ्याचे नाव, गाव, आधार क्रमांक आणि पुढचा मुक्काम त्यात लिहायचा. वहीबद्दल पोलीस ठाण्यात आधीच सांगून आलो. मुक्काम एक रात्र. आजारी असेल तर तीन, कारण पाहुणचार तीन दिवसांचा आणि त्यापुढचा सदका, असे हदीसमध्ये आहे. यजमानाला जड होईल इतके पाहुण्याने राहू नये हेही त्याच हदीसमध्ये आहे, तेही आम्ही येणाऱ्याला सांगतो. किल्ली हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे असते, कारण त्याचे दुकान रात्रभर उघडे असते. तो मुसलमान नाही. "कोणी पण आला तर देऊ ना?" असे त्याने विचारले, तेव्हा क्षणभर आम्ही पुन्हा एकमेकांकडे पाहिले आणि मग हो म्हणालो.

एका विश्वस्ताचा विरोध अजून आहे आणि त्यांची भीती निराधार आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. उद्या काही बरेवाईट झाले तर तेच खरे ठरतील. तेवढी जोखीम त्या देण्याचाच भाग आहे असे आम्ही धरून चाललो आहोत.

त्या हिवाळ्यात खोलीत सात माणसे झोपून गेली. चार अजमेरचे, दोन ऊसतोडीला निघालेले मजूर, आणि एक शेवटची गाडी चुकलेला विद्यार्थी. बीडकडचा म्हातारा आला नाही. त्याच्या आधार कार्डाचा फोटो आमच्यातल्या एकाच्या मोबाइलमध्ये अजून आहे. त्याने तो काढून टाकलेला नाही आणि आम्हीही त्याला तसे सांगितलेले नाही.